आधी तिकीट की आधी व्हिसा? आयसीसीला एका आखाती सोलापूरकराचं खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व संचालक मंडळ,
आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद (आयसीसी), दुबई

स. न. वि. वि.

मी मूळचा सोलापूरचा. नोकरी सौदी अरेबियात, जुबैलला, एका पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन म्हणून. बायको आणि मुलगी इथं जुळे सोलापूरला असतात. सिद्धेश्वराच्या जत्रेला, म्हणजे आमच्या गड्ड्याच्या यात्रेला जोडून वार्षिक रजा काढून आलोय, आणि सगळं गाव होम मैदानावर पाळण्यात बसतंय तेव्हा मी सेतू केंद्र, बँक आणि भाषांतरवाला अशा खेपा घालतोय. 2026 च्या जूनमध्ये आम्हा तिघांना महिलांचा टी-20 विश्वचषक बघायला इंग्लंडला जायचंय, आणि त्यासाठी तिथला व्हिजिटर व्हिसा काढायचाय.

पत्र इंग्लंडच्या सरकारला न लिहिता तुम्हाला का, ते आधी सांगतो. व्हिसा द्यायचा की नाही हा त्यांचा अधिकार आहे, त्यात तुम्ही ढवळाढवळ करावी असं माझं म्हणणं नाही. पण स्पर्धा तुमची, वेळापत्रक तुमचं, तिकिटं तुमच्या नावानं विकली जातात. आणि आखातातला नोकरदार हा तुमचा किती जुना गिऱ्हाईक आहे, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? 1980च्या दशकात शारजाचं मैदान आमच्यासारख्यांच्याच जिवावर भरायचं. 2025 च्या 9 मार्चला दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल झाली, त्या निळ्या गर्दीतही ड्यूटी बदलून आलेली आमचीच माणसं होती. तुम्ही तरी काय, 2005 ला लॉर्ड्सवरनं बिऱ्हाड उचललंत आणि दुबईला आलात. तेव्हा एका परमुलखात राहून दुसऱ्या परमुलखात जायचं म्हणजे काय, हे तुम्हाला पाटी-पेन्सिल घेऊन शिकवायची गरज नसावी.

मुलगी बारा वर्षांची आहे. पार्क मैदानावर नेटला जाते, डावखुरी आहे, आणि सांगलीची स्मृती मानधना जशी बॅट धरते तशीच धरायची असा हट्ट आहे. 2017 ला लॉर्ड्सवर आपल्या मुली विश्वचषकाची फायनल नऊ धावांनी हरल्या ते हिला आठवत नाही, मला चांगलं आठवतं. मी कामगार कँपातल्या टीव्हीसमोर होतो आणि आमच्या खोलीत त्या रात्री कुणी धड जेवलं नाही. 2025 च्या 2 नोव्हेंबरला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून त्या जिंकल्या, तेव्हा तिनं मला व्हिडिओ कॉलवर सांगून टाकलं की पुढचा वर्ल्डकप मैदानात बसून बघायचा. आमच्याच जिल्ह्यातल्या किरण नवगिरेनं 2022 ला इंग्लंडच्या दौऱ्यावरच भारताकडून पहिला सामना खेळला होता, हा दाखला तोंडावर फेकल्यावर बापाला 'नाही' म्हणायला जागा कुठं उरते?

आता मुद्द्यावर येतो. स्पर्धा 12 जून ते 5 जुलै. आम्हाला 14 जूनचा एजबॅस्टनवरचा पाकिस्तानचा सामना बघायचाय, 28 ला लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाचा, आणि नशिबात असेल तर 5 जुलैची फायनल. इंग्लंडच्या नियमाप्रमाणे व्हिजिटर व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तारखेआधी जास्तीत जास्त तीन महिने करता येतो. म्हणजे आमच्यासाठी साधारण मार्चचा मध्य. बोटांचे ठसे आणि फोटो दिल्यावर निर्णय यायला ते नेहमीचे तीन आठवडे सांगतात, गर्दी असली तर जास्त. म्हणजे एप्रिलचा पहिला-दुसरा आठवडा. आणि वेळापत्रक तुम्ही 2025 च्या जूनमध्येच जाहीर केलंत. भारत-पाकिस्तान सामन्याचं तिकीट माझ्या व्हिसासाठी एप्रिलपर्यंत खिडकीवर वाट बघत बसेल, असं तुम्हाला तरी वाटतं का?

तिकीट आधी घ्यावं तर व्हिसा नाकारला गेल्यास ते बुडायची भीती. व्हिसा आधी काढावा तर तिकीट मिळत नाही, आणि तिकीट नाही तर अर्जात जायचं कारण काय लिहू? 'मुलीला क्रिकेट आवडतं'?

हे झालं कुठल्याही भारतीयाचं. आखातातल्या माणसाचं दुखणं याच्यावर एक मजला आणखी आहे.

आमचा सौदी मुदीर म्हणजे साहेब इंग्लंडला जातो तेव्हा मोबाईलवर ईटीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी, काढतो. 2025 च्या एप्रिलमध्ये ईटीएची फी 16 पौंड झाली, बँक स्टेटमेंट नाही, मुलाखत नाही. आमच्यातल्या बऱ्याच जणांची समजूत असते की सौदीचा इकामा (राहण्याचा परवाना) आहे म्हणजे आपल्यालाही तेच चालेल. चालत नाही. ही सवलत पासपोर्टाला आहे, राहण्याच्या पत्त्याला नाही. भारतीय पासपोर्ट असेल तर तुम्ही रियाधला राहा नाहीतर रामवाडीला, पूर्ण व्हिसा घ्यावा लागतो: सहा महिन्यांच्या व्हिसाची फी 2025 च्या एप्रिलमध्ये 127 पौंड झाली, म्हणजे माणशी पंधरा हजार रुपयांच्या आसपास. व्हिसा नाकारला तर फी परत नाही, व्हिजिटर व्हिसाला साधं अपीलही नाही. नवीन अर्ज करा, नवीन फी भरा. शिवाय एकदा नकार पडला की पुढं बऱ्याच देशांच्या फॉर्मवर 'आधी कधी व्हिसा नाकारला गेलाय का' या प्रश्नापुढं 'होय' लिहावं लागतं. लपवलं आणि सापडलं तर इंग्लंडमध्ये दहा वर्षांची बंदी येऊ शकते. ज्याचं पोट व्हिसावर चालतं त्याच्यासाठी हा 'होय' शब्द फार महाग असतो. क्रिकेटपायी तो ओढवून घ्यायचा का, याचा विचार आम्ही खरोखर करतो.

कागदांचं सांगतो. त्यांच्या नियमात मुख्य गोष्ट पटवून द्यायची असते ती ही: तुम्ही खरे पाहुणे आहात आणि मुदत संपायच्या आत देश सोडाल. सोडून जाल कुठं, याला सोलापुरात राहणाऱ्या माणसाकडं एक उत्तर असतं. माझ्याकडं दोन अर्धी उत्तरं आहेत.

पहिलं अर्धं सौदीतलं. इकामा वर्षाचा असतो, कंपनी नूतनीकरण करते आणि बहुतेकदा मुदत तोंडावर आली की करते. मार्चमध्ये मी अर्ज करीन तेव्हा माझ्या इकाम्याचे मोजके महिने उरलेले असतील. कंपनीचं पत्र मिळतं, पगाराचा दाखला मिळतो, पण अधिकाऱ्याला दिसतं ते असं की या माणसाचा या देशातला मुक्काम दुसऱ्याच्या सहीवर आहे. ते खरंच आहे, त्यात त्याचं काय चुकलं? वर सौदीतून बाहेर पडून परत यायला आम्हाला खुरूज-औदा म्हणजे एक्झिट-रीएंट्री लागतो, दोन महिन्यांपर्यंतचा दोनशे रियाल. तो इंग्लंडचा व्हिसा हातात आल्यावरच काढण्यात अर्थ आहे, आणि इंग्लंडच्या अर्जात मात्र 'मी इथंच परत येणार' हे आधी दाखवायचंय.

दुसरं अर्धं सोलापुरातलं, आणि ते गोळा करायलाच ही रजा चाललीय. परवा डिजिटल सहीचा सातबारा काढला. पंधरा रुपये, पाच मिनिटं, वर क्यूआर कोड. सरकारचं कौतुक करावं असं क्वचित घडतं, इथं करतो. जमीन दक्षिण सोलापूर तालुक्यात, ज्वारी आणि तूर होते, बोअर मी पाठवलेल्या पैशांतून मारलेलं आहे. भाषांतरवाल्यानं कागद हातात घेतला, खातेदारांच्या रकान्यावर पेन फिरवलं: वडील, दोन चुलते, सामाईक. इतर अधिकारात विकास सोसायटीचा बोजा. मग चष्मा वर करून मला विचारलं, "यात तुमचं नाव कुठंय?" नाहीच. आमच्याकडं बाप जिवंत असताना वाटणी मागणाऱ्याला लोक नावं ठेवतात. तरीही मी भाषांतर करून घेतलं, खाली 'मूळ प्रतीबरहुकूम' असा दाखला, तारीख, त्याचं नाव, सही आणि पत्ता घेतला, कारण इंग्रजीत नसलेल्या कागदाला ते हे सगळं मागतात. सातबाऱ्याच्या कितीतरी पट पैसे भाषांतराला गेले. 

बँकेचं त्याहून गमतीचं. पगार सौदीच्या खात्यात 27 तारखेला जमा होतो आणि एक-दोन दिवसांत निघतो: फ्लॅटचा हप्ता, वडिलांची औषधं, शाळेची फी, भावाच्या दुकानाला थोडेफार. सौदीचं स्टेटमेंट बघितलं तर असं वाटावं की या माणसाच्या खिशात महिनाअखेरीला दमडी उरत नाही. सोलापूरच्या एनआरई खात्याचं (परदेशातली कमाई ठेवायच्या खात्याचं) स्टेटमेंट शेजारी ठेवलं तरच कळतं की पैसा गेला कुठं. घराकडं नियमित जाणारा हा पैसाच माझ्या परत येण्याचा सगळ्यात मोठा पुरावा आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. पण एकट्या कागदावर तोच पुरावा कंगालपणासारखा दिसतो. (आखातातल्या दोस्तांना जाता जाता: दोन्ही स्टेटमेंटं द्या, पैसे पाठवल्याच्या पावत्या जोडा आणि एका पानावर हिशेब लिहून द्या. आणि दोस्ताकडून उसने घेऊन अर्जाच्या आधल्या आठवड्यात खात्यात मोठी रक्कम भरू नका. तो पैसा आला कुठून हे सांगता आलं नाही तर फायद्यापेक्षा नुकसानच होतं.)

इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शनात, कुठले कागद सहसा उपयोगाचे नसतात त्याचीही यादी आहे. हॉटेल आणि विमानाची बुकिंगं त्यात आहेतच, शिवाय छंदाची प्रमाणपत्रं, उदाहरणार्थ खेळातले चषक, हेही आहेत. आमच्या कन्येनं शालेय स्पर्धेतला चषक फाइलीत घालण्यासाठी पुसून-बिसून ठेवला होता. ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

आता कुटुंबाचं. अर्ज मार्चच्या मध्याआधी करता येत नाही आणि माझी रजा त्याच्या कितीतरी आधी संपते. मग मी अर्ज करणार सौदीतून, बायको आणि मुलगी पुण्याच्या केंद्रातून. एका सहलीचे तीन अर्ज, दोन देशांतून. खर्च माझ्या पगारातून, पगाराचे कागद सौदीत. मुलगी अल्पवयीन, म्हणून तिच्या अर्जाला बापाचं संमतिपत्र, बाप परदेशात. शाळा उघडते जूनच्या मध्याला, म्हणून मुख्याध्यापकांचं रजेचं पत्र. आम्ही एकमेकांच्या अर्जाचे संदर्भ क्रमांक लिहिणार आहोत, पत्रातला मजकूर शब्दाला शब्द जुळवणार आहोत. तरीही दोघींना होकार आणि मला नकार, किंवा उलटं, होऊ शकतं. प्रत्येक अर्ज स्वतंत्र तपासला जातो, त्याला इलाज नाही. तोवर माझा पासपोर्ट केंद्रात. जवळ ठेवायची सोय मिळते तिथं तिचे वेगळे पैसे. आखातातला माणूस पासपोर्ट हातावेगळा करायला का कचरतो, ते ज्यांचे आईबाप गावाकडं सत्तरीच्या पुढं आहेत त्यांना सांगायला नको.

तर तुमच्याकडून मला काय हवंय? फुकट व्हिसा नको, वशिला तर नकोच. तिकीट घेताना पासपोर्ट क्रमांक देण्याची मुभा द्या आणि त्या क्रमांकाचं एक पुष्टिपत्र द्या, जे व्हिसा अधिकारी तुमच्या संकेतस्थळावर एका कोडनं तपासू शकेल. सातबाऱ्याला पंधरा रुपयांत क्यूआर कोड मिळतो, विश्वचषकाच्या पत्राला का नाही? त्या पत्रानं व्हिसा मिळणार नाही, हे मला कळतं. पण निदान 'जायचं कारण खरं आहे का' हा एक प्रश्न तरी टेबलावरनं उठेल.

दुसरं, तिकिटाच्या अटींमध्ये ठळक अक्षरात एक वाक्य घाला: व्हिसा नाकारल्याचं पत्र दाखवल्यास पूर्ण पैसे परत. कुणी गैरफायदा घेईल म्हणाल, तर एवढी फी भरून, बोटांचे ठसे देऊन मुद्दाम नकार मिळवणारा माणूस मला दाखवा. त्याला मी गड्ड्यात तंबू टाकून देतो, लोक तिकीट काढून बघतील.

आणि परदेशस्थ प्रेक्षकांसाठी प्रत्येक स्पर्धेबरोबर एक साधं पान काढा: पासपोर्ट एका देशाचा, वास्तव्य दुसऱ्या देशात, सामना तिसऱ्या देशात, अशा माणसानं अर्ज कुठून करायचा, कधी करायचा, राहण्याच्या परवान्याची मुदत किती उरलेली असावी. ही माहिती आज आम्हाला कँपातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मिळते, आणि तिथं प्रत्येकाचा मेहुणा तज्ज्ञ असतो.

हे जगावेगळं मागणं नाही. 2018 ला रशियानं फुटबॉल विश्वचषकासाठी फॅन आयडी काढला. तिकीट आणि तो आयडी असला की वेगळा व्हिसा लागत नव्हता. 2022 ला कतारनं हय्या कार्ड काढलं. मी स्वतः दोस्तांबरोबर सौदी-कतारच्या सलवा सीमेवरून बसनं दोहाला गेलो. मोबाईलमधलं कार्ड दाखवलं, शिक्का पडला, पुढं. तिथं कुणी माझ्या बापाची जमीन विचारली नाही. तुमच्या स्वतःच्या 2007 च्या विश्वचषकात कॅरिबियन देशांनी एकत्र येऊन एक सामाईक व्हिसा केला होता. त्यावर तेव्हा टीकाही झाली, पण बेटाबेटावर वेगळा व्हिसा नको, हा विचार बरोबर होता. 2026 च्या फुटबॉल विश्वचषकासाठी अमेरिकेनं तर व्हिसा सैल केलेला नाही. तिकीटधारकाला मुलाखतीची तारीख लवकर मिळेल एवढीच सोय केलीय, तपासणी तीच. फिफाला अमेरिकेशी बोलून एवढं जमलं, तर इंग्लंडच्या बोर्डाला सोबत घेऊन तिथल्या सरकारशी बोलणं तुम्हाला जड जाऊ नये.

आपल्याच देशाचं झाकून ठेवत नाही. 2023 चा विश्वचषक भारतात होता तेव्हा पाकिस्तानचे प्रेक्षक आणि पत्रकार व्हिसासाठी ताटकळत राहिले, त्यांच्या बोर्डानं तुमच्याकडं तक्रारही केली. 2024 च्या जानेवारीत इंग्लंडचा शोएब बशीर व्हिसाला उशीर झाला म्हणून हैदराबादच्या कसोटीला मुकला. त्याच वर्षी अमेरिकेनं नेपाळच्या संदीप लामिछानेला व्हिसा नाकारला. खेळाडूंची ही गत, तर तिकीट काढून येणाऱ्याला कोण विचारतो? तरी खेळाडूच्या मागं निदान एक बोर्ड उभं असतं, बातम्या होतात. एजबॅस्टनच्या स्टँडमधली एक खुर्ची रिकामी राहिली तर ती कुणाची होती, हे कुणाला कळतही नाही.

2027 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला पुरुषांचा विश्वचषक तर दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि नामिबिया अशा तीन देशांत आहे. आखातातल्या माणसाला राहत्या देशाचा परतीचा परवाना धरून चार सरकारांचे कागद जमवावे लागतील, आणि संघ एका देशातून दुसऱ्या देशात गेला की प्रेक्षकानं मागं धावायचं. त्या तिकिटांची विक्री उघडण्याआधी तिन्ही बोर्डांना आणि तिन्ही सरकारांना एकत्र बसवा. सामाईक व्हिसा नाही जमला तर निदान एका देशाचा मिळाला की दुसऱ्याचा सोपा होईल, एवढं तरी ठरवा. त्याला अजून वेळ आहे. इंग्लंडला नाही.

मी फेब्रुवारीत जुबैलला कामावर रुजू होतोय. आमचे तिन्ही अर्ज मार्चच्या मध्याला पडतील. पुष्टिपत्राबद्दल हो-नाही जे काय असेल ते त्याआधी कळवलंत तर तिकिटाचे पैसे त्या हिशेबानं भरीन. नकार असेल तर तोही लेखी द्या, मुलीला दाखवायला लागेल.

कळावे,
आपला,
जुबैलला नोकरीस असलेला एक सोलापूरकर
मुक्काम सध्या जुळे सोलापूर